स्पंजाचें विष आणि औषधाचा शोध

पाटी-पेन्सिलीच्या जमान्यांत शाळेंत जाणाऱ्या पुष्कळ मुलांच्या दप्तरांत एक लहानशी पत्र्याची डबी असे आणि त्या डबींत पाण्यानें भिजविलेला स्पंजाचा तुकडा असे. थुंकी लावून सदऱ्याच्या बाहीनें पाटी पुसणारे महाभाग प्रत्येक वर्गांत असत, नाहीं असें नाहीं. परंतु ज्या घरांत शिस्त असे, त्या घरच्या मुलाची डबी सहसा कोरडी पडत नसे. त्या पिवळट, मऊ, भोंकाभोंकांच्या पदार्थाविषयीं मुलांचे नाना तर्क चालत. कोणी म्हणे, हा एका झाडाचा गाभा. कोणी म्हणे, समुद्राचा फेंस वाळून हा झाला. आपल्या डबींत आपण एका प्राण्याचा सांगाडा घालून हिंडत आहों, ही कल्पना मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येई. आणि ती घरांतल्या वडील मंडळींच्या मनांत आली असती, तर कित्येक सोंवळ्या घरांतून ती डबी तत्काळ बाहेर फेंकली गेली असती!

स्पंज हा प्राणी आहे कीं वनस्पति आहे, हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनाही फार दिवस सुटला नव्हता. ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याचा कल त्याला प्राण्यांत जमा करण्याकडे होता. पण पुढें शेंकडों वर्षें लोक त्याला शेवाळाचा भाऊबंद समजत आले. १८२५ च्या सुमारास एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट यानें जिवंत स्पंज पाण्यांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचें निरीक्षण केलें, तेव्हां त्याला असें दिसून आलें कीं, स्पंजाच्या अंगावरील बारीक छिद्रांतून पाणी सारखें आंत जातें आणि मोठ्या छिद्रांतून कारंज्यासारखें बाहेर पडतें. हाच त्याचा सारा संसार. त्याला तोंड नाहीं, डोळे नाहींत, हातपाय नाहींत, मज्जातंतूही नाहींत. आंतल्या पोकळ्यांच्या भिंतींवर असंख्य पेशी असतात व त्यांतल्या प्रत्येकीला चाबकासारखा एक केंस असतो. हे केंस सतत हालत असतात, त्यामुळें पाण्याचा प्रवाह चालू राहतो, आणि त्या पाण्याबरोबर येणारे सूक्ष्म जंतु हें त्याचें अन्न. आपल्या आकारमानाच्या हजारोंपट पाणी तो एका दिवसांत गाळून काढूं शकतो. एकदां खडकाला चिकटला म्हणजे जन्मभर तो तेथेंच.

आतां श्रोत्यांनीं क्षणभर त्या खडकावरची परिस्थिति डोळ्यांपुढें आणावी. समुद्राच्या तळाशीं जागेची टंचाई मुंबईच्या चाळींहून कमी नाहीं. एका बाजूनें शेवाळ अंगावर चढत असतें, दुसऱ्या बाजूनें कालवें आणि पोंवळीं आपला पसारा वाढवीत असतात, वरून मासे तोंड घालावयास टपलेले असतात. खेकड्याला नांग्या आहेत, गोगलगाईला कवच आहे, माशाला निदान पळ तरी काढतां येतो. स्पंजाजवळ यांपैकीं कांहींच नाहीं. आणि असें असूनही तो या पृथ्वीवर पन्नास कोटि वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. कांहीं जातींचीं कासवें व मोजके मासे सोडले, तर सहसा कोणी त्याच्या वाटेला जात नाहीं. याचें कारण त्याच्या अंगांतील रसायनें. ज्याला पळतां येत नाहीं आणि लढतां येत नाहीं, त्यानें आपलें शरीरच कडू आणि विषारी करून ठेवलेलें असतें. शिवाय समुद्रांत सोडलेलें विष पाण्यांत मिसळून तत्काळ पातळ होतें. म्हणून तें अत्यल्प प्रमाणांतही परिणाम करील इतकें जहाल असावें लागतें, असें शास्त्रज्ञ समजतात.

समुद्रमंथनाच्या कथेंत अमृत हातीं येण्यापूर्वीं हलाहल वर आलें, हें घरोघरच्या मुलांना ठाऊक असतें. येथें मात्र तीं दोन निराळीं रत्नें नाहींत. हलाहल मात्रा सांभाळून दिलें कीं तेंच औषध होतें. बचनाग शुद्ध करून औषधांत घालणाऱ्या आपल्या वैद्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

या दिशेनें पहिलें पाऊल पडलें, तें मात्र औषधाच्या शोधांत नव्हे. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत वेर्नर बर्गमन नांवाचा रसायनशास्त्रज्ञ खालच्या प्रतीच्या प्राण्यांत स्निग्ध पदार्थ कोणते असतात, याचा अभ्यास करीत होता. फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळून आणलेल्या एका स्पंजाचा अर्क काढतांना त्याला अनपेक्षित असे स्फटिक मिळाले. त्यांचें पृथक्करण करून १९५०-५१ च्या सुमारास त्यानें व त्याचा सहकारी रॉबर्ट फीनी यानें जें प्रसिद्ध केलें, तें मोठें चमत्कारिक होतें. प्रत्येक सजीव पेशींत आनुवंशिक गुणांची जी पोथी असते, ती चार अक्षरांत लिहिलेली असते, आणि त्या प्रत्येक अक्षराला एका विशिष्ट शर्करेची जोड असते. या स्पंजांतील अक्षर नेहमींचेंच होतें, परंतु त्याला जोडलेली शर्करा मात्र निराळी होती. एकाद्या मुलानें अक्षर बरोबर काढावें आणि वेलांटी उलटी द्यावी, तसा हा प्रकार.

अशा खोट्या अक्षराचा उपयोग काय? कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणजेच त्यांना आपल्या पोथीची नक्कल वारंवार करावी लागते. नक्कल करतांना त्यांनीं हें खोटें अक्षर उचललें कीं पुढचें लिहिणें अडतें. या नमुन्यावरून रसायनशास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं प्रयोगशाळेंत तयार केलेल्या सायटाराबिन या औषधाला १९६९ सालीं अमेरिकेंत परवानगी मिळाली, आणि रक्ताच्या कर्करोगावर तें अजूनही दिलें जातें. हें औषध स्पंजांत जसेंच्या तसें नसतें. स्पंजानें युक्ति दाखविली आणि मनुष्यानें ती उचलली, इतकाच संबंध. यामुळें बर्गमनच्या मार्गांत एक अडचण आलीच नाहीं. ती पुढें आली जपानांत, आणि तिचीच कथा अधिक विचार करण्यासारखी आहे.

टोकियोच्या दक्षिणेस मिउरा नांवाचें एक द्वीपकल्प आहे. त्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं काळसर रंगाचा एक स्पंज सर्रास दिसतो. शास्त्रीय भाषेंत त्याला हॅलिकॉण्ड्रिया ओकादाइ म्हणतात. याच स्पंजांतून १९८१ सालीं ओकादाइक अॅसिड नांवाचें एक विष वेगळें काढण्यांत आलें होतें. कालवें-तिसऱ्या खाऊन लोकांना जो अतिसार होतो, त्याचें एक कारण हेंच विष. आणि पुढें तपास लागला तो असा कीं, तें स्पंज तयार करीतच नाहीं! पाण्यांतील एक सूक्ष्म शैवाल तें तयार करतें आणि पाणी गाळतां गाळतां तें स्पंजाच्या अंगांत सांठतें. भाडेकरूचा माल घरमालकाच्या नांवावर खपावा, अशांतला हा प्रकार.

योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा या दोन जपानी रसायनशास्त्रज्ञांनीं हाच स्पंज पुन्हां तपासावयास घेतला. हिराता हे नागोया विद्यापीठांतील नांवाजलेले अध्यापक. निसर्गांतील दुर्मिळ द्रव्यें वेगळीं काढण्यांत त्यांचा हातखंडा. या वेळीं त्यांनीं जो स्पंज गोळा केला, त्याचें वजन होतें ६०० किलोग्रॅम. तो वाटून, अर्क काढून, त्या अर्काचे भाग पाडून, त्या भागांचे पुन्हां भाग पाडून, प्रत्येक भागांत कर्करोगाच्या पेशी मारण्याची शक्ति कितपत आहे हें पाहत पाहत, अखेर जें शुद्ध द्रव्य हातीं लागलें, त्याला त्यांनीं हॅलिकॉण्ड्रिन बी असें नांव दिलें. ही हकीकत १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. सहाशे किलोग्रॅमांतून मिळालेल्या या द्रव्याचें वजन होतें १२.५ मिलिग्रॅम. सोनाराच्या तराजूंतील एका गुंजेचे दहा भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढेंच तें भरेल.

परंतु त्या चिमटीभरही नसलेल्या भुकटीचा प्रभाव असा होता कीं, कर्करोगानें ग्रासलेल्या उंदरांवर तिचा फारच आश्चर्यकारक परिणाम दिसून आला. तो कसा होतो, हेंही १९९१ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत उलगडलें. पेशी दुभंगण्यापूर्वीं तिच्यांत अतिसूक्ष्म तंतूंचा एक मागच उभा राहतो. हे तंतु दोरासारखे वाढत जातात, गुणसूत्रांना पकडतात आणि अर्धीं इकडे, अर्धीं तिकडे अशीं ओढून नेतात. मग पेशीचे दोन भाग होतात. हॅलिकॉण्ड्रिन या तंतूंच्या घटकांना धरून बसतें व त्यांना वाढूं देत नाहीं. मागच मोडल्यावर वस्त्र कोठून निघणार? दुभंगण्याच्या तयारींत असलेली पेशी तशीच अडकून पडते व अखेर मरते.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. आतां अडचण. औषध म्हणून मनुष्यावर प्रयोग करावयाचे, तर द्रव्य ग्रॅमांनीं हवें. केवळ दहा ग्रॅम हवें असें धरलें, तरी त्रैराशिक मांडून पाहावें: ६०० किलोग्रॅमांत १२.५ मिलिग्रॅम, तर दहा हजार मिलिग्रॅमांस किती? उत्तर येतें ४,८०,००० किलोग्रॅम, म्हणजे ४८० टन स्पंज. एवढा स्पंज मिउराच्या किनाऱ्यावरून ओरबाडून काढला, तर पुढच्या वर्षीं तेथें नुसते खडक राहतील. आणि हें केवळ परीक्षेपुरतें. औषध गुणकारी ठरलें म्हणजे तर दरवर्षीं किलोग्रॅमांनीं लागणार. एका रोग्याला वांचविण्यासाठीं ज्या प्राण्याचा निर्वंश करावा लागेल, तो प्राणी दुसऱ्या रोग्याच्या उपयोगीं पडणार नाहीं, हें कळावयास शास्त्रज्ञ असण्याची जरूर नाहीं. तथापि जगाच्या बाजारांत हा साधा हिशेब कित्येकदां फार उशिरां मांडला जातो, ही गोष्ट निराळी.

हॅलिकॉण्ड्रिनच्या बाबतींत तो वेळेवर मांडला गेला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाजवळ, कायकोउरा द्वीपकल्पासमोर, ऐंशी ते शंभर मीटर खोल पाण्यांत पिवळ्या रंगाचा दुसरा एक स्पंज सांपडला होता आणि त्यांत हेंच द्रव्य कितीतरी अधिक प्रमाणांत होतें. तेथील शास्त्रज्ञांनीं प्रथम काय केलें असेल, तर स्पंजांची खानेसुमारी! समुद्राच्या तळाची पाहणी करून त्यांनीं अंदाज काढला कीं, या जातीचा स्पंज त्या भागांत सुमारें तीनशे टन असावा. मग त्यांतला फक्त एक टन काढण्यांत आला व त्यापासून सुमारें तीनशे मिलिग्रॅम द्रव्य मिळालें. मिउराच्या मानानें हें प्रमाण चौदा-पंधरापट आहे. तरीसुद्धां सगळाच्या सगळा स्पंज काढून घेतला असता, तर शंभर ग्रॅमही द्रव्य हातीं लागलें नसतें आणि समुद्राचा तो भाग कायमचा उजाड झाला असता. म्हणून तेथें स्पंजाची शेती करून पाहण्यांत आली. उंसाचें बेणें लावावें त्याप्रमाणें स्पंजाचे तुकडे करून ते उथळ पाण्यांत दोरांवर टांगले. ते वाढले आणि त्यांत औषधी द्रव्यही उतरलें. प्रयोग यशस्वी झाला. पण हजारों रोग्यांची गरज भागविण्यास ती शेती पुरी पडण्यासारखी नव्हती.

आतां या कथेंत तिसरा पुरुष येतो, आणि तो येतो तो हिरातांच्याच शाळेंतून. योशितो किशी हे १९३७ सालीं नागोयांत जन्मले, हिरातांच्या हाताखालीं नागोया विद्यापीठांत शिकले, आणि पुढें अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत अध्यापक झाले. जपानांतील फुगु माशाचें प्राणघातक विष प्रयोगशाळेंत प्रथम बनविलें, तें किशी यांच्याच मंडळीनें, १९७२ सालीं. गुरूनें समुद्रांतून शोधून काढावें आणि शिष्यानें तें हातानें घडवून दाखवावें, असा कांहींसा हा योग होता. हॅलिकॉण्ड्रिन घडविण्याचें काम किशी यांनीं हातीं घेतलें.

हें काम केवढें बिकट होतें, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. डावा हात आणि उजवा हात यांत बोटें तींच, तरी एकाचा मोजा दुसऱ्यास बसत नाहीं. रेणूंतही अशा जागा असतात कीं, जेथें अणूंची मांडणी डावी किंवा उजवी होऊं शकते. हॅलिकॉण्ड्रिनच्या रेणूंत अशा बत्तीस जागा आहेत. प्रत्येक जागीं दोन शक्यता, म्हणजे एकंदर मांडण्या झाल्या ४२९ कोटींहून अधिक. आणि त्यांतली एकच खरी! शिवाय रसायनशास्त्रांत प्रत्येक पायरीला कांहीं माल वाया जातोच. प्रत्येक पायरीस शंभरांतले नव्वद टिकले असें मानलें, तरी साठ पायऱ्या एकापुढें एक चढल्यावर हजारांतले दोनही हातीं राहत नाहींत. त्यावर उपाय एवढाच कीं, रेणूचे निरनिराळे तुकडे निरनिराळे घडवावे व अखेरीस ते एकमेकांस जोडावे. हे जोड घालण्यासाठीं क्रोमियम व निकेल या धातूंच्या साह्यानें घडणारी जी क्रिया किशी यांनीं सुधारली, तिला आतां त्यांचेंही नांव जोडलेलें आहे. १९९२ सालीं संपूर्ण हॅलिकॉण्ड्रिन बी प्रयोगशाळेंत तयार झालें. स्पंजाला स्पर्श न करतां स्पंजाचें विष मनुष्यानें बनविलें.

तरीसुद्धां औषध म्हणून तें बनविणें कोणासही परवडण्यासारखें नव्हतें. परंतु घडवीत असतांना जे अर्धेमुर्धे तुकडे तयार झाले होते, तेही तपासून पाहण्याचें शहाणपण कोणास तरी सुचलें, आणि यांतच सर्व यश आलें. एइसाइ या जपानी औषध कंपनीच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत त्या तुकड्यांची परीक्षा झाली, तेव्हां असें आढळून आलें कीं, रेणूचा उजवा अर्धा भाग एकटाच जवळजवळ पुऱ्या रेणूइतका प्रभावी आहे. मग या अर्ध्या रेणूंत थोडेथोडे फरक करून सुमारें दोनशे प्रकार तयार करण्यांत आले, आणि त्यांतून जो निवडला त्याचें नांव एरिब्युलिन. बत्तीसांच्या जागीं एकोणीस वळणें. पायऱ्या अजूनही साठांहून अधिक. पण कारखान्यांत बनविणें शक्य. संपूर्णपणें रसायनशाळेंत बनवून विकल्या जाणाऱ्या औषधांत इतक्या गुंतागुंतीचा रेणु पूर्वीं झाला नव्हता, असें जाणते लोक म्हणतात.

एरिब्युलिनची मुख्य परीक्षा झाली ती शरीरांत इतरत्र पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ७६२ स्त्रियांवर. या सर्वजणी पूर्वीं दोन किंवा अधिक वेळां औषधोपचार करून थकलेल्या होत्या. कांहींजणींना एरिब्युलिन देण्यांत आलें. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांनीं योग्य वाटेल तें दुसरें औषध दिलें. हा निकाल २०११ सालीं सविस्तर प्रसिद्ध झाला. दुसऱ्या औषधांवर असलेल्या स्त्रियांचें मध्यम आयुर्मान १०.६ महिने, तर एरिब्युलिन घेणाऱ्यांचें १३.१ महिने. तत्पूर्वींच, नोव्हेंबर २०१० मध्यें, अमेरिकेंत या औषधास परवानगी मिळाली होती.

फरक पडला तो अडीच महिन्यांचा. पंचवीस वर्षांची खटपट, दोन खंडांतील प्रयोगशाळा, सहाशे किलो स्पंज, आणि पदरांत पडले अडीच महिने! असें म्हणून कोणी हंसेल, तर त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु ज्या घरांत अशी रोगी स्त्री आहे, त्या घरांत तिच्या मुलाची परीक्षा या अडीच महिन्यांत होऊन जात असते, एकाद्या मुलीचें लग्न पार पडत असतें. तेथें हा हिशेब निराळा होतो. शिवाय हे मध्यम आंकडे आहेत; कित्येकींना त्याहून पुष्कळ अधिक मिळालें, कित्येकींना कांहींच मिळालें नाहीं. औषधाचे त्रासही आहेत: रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात, हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात. हें सर्व उघड सांगणेंच बरें. वर्तमानपत्रांतून ‘समुद्रांत कर्करोगाचा रामबाण उपाय सांपडला’ असे मथळे अधूनमधून झळकतात, त्यांनीं रोग्यांचें हित होत नाहीं.

समुद्रांतून आलेल्या सर्वच औषधांना इतके सायास पडले, असें मात्र नाहीं. फिलिपाइन्सचे बाल्डोमेरो ऑलिवेरा हे लहानपणीं शंखशिंपले गोळा करीत. अमेरिकेंत शिकून ते मनिलास परत आले, तेव्हां प्रयोगशाळेंत महागडीं यंत्रें नव्हतीं. म्हणून ज्याला यंत्रें फारशीं लागत नाहींत आणि जें किनाऱ्यावर मुबलक मिळतें, तें काम त्यांनीं घेतलें. तें म्हणजे विषारी शंखांचें. कोन शंख दिसावयास मोठे सुंदर असतात, परंतु आंतल्या प्राण्याजवळ बाणासारखा एक दांत असतो व त्यांतून सोडलेल्या विषानें मासा जागच्या जागीं लुळा पडतो. त्यांतल्या एका जातीच्या शंखाचा दंश झालेलीं माणसेंही दगावलीं आहेत. पुढें ऑलिवेरा अमेरिकेंत यूटा विद्यापीठांत गेले. तेथें त्यांच्या हाताखालीं मायकेल मॅकिन्टॉश नांवाचा एक विद्यार्थी काम करीत असे. शाळा सोडून त्याला फार दिवस झाले नव्हते. जादूगार शंख अशा अर्थाचें नांव असलेल्या एका जातीच्या विषांतून त्यानें जें द्रव्य वेगळें केलें, तें वेदनेचा संदेश मज्जारज्जूंतच अडविणारें ठरलें. हा पंचवीस दुव्यांचा एक लहानसा सांखळीवजा रेणु आहे. तसे रेणु प्रयोगशाळेंत हुबेहूब बनवितां येतात, म्हणून शंख गोळा करण्याचा प्रश्न उद्भवला नाहीं. झिकोनोटाइड या नांवानें २००४ च्या डिसेंबरांत त्याला परवानगी मिळाली. अफूसारखें त्याचें व्यसन लागत नाहीं. पण तें पाठीच्या कण्यांतील द्रवांत पंपानें सोडावें लागतें आणि त्यानें मन भ्रमिष्ट होण्याचीही भीति असते, म्हणून अगदीं असह्य वेदनांतच तें वापरतात.

कॅरिबियन समुद्रांतील एका पिशवीसारख्या प्राण्याचें औषध, ट्रॅबेक्टेडिन, यानें तिसराच मार्ग धरला. एक ग्रॅम द्रव्यासाठीं त्याचे सुमारें एक टन प्राणी लागत. समुद्रांत त्यांची शेती करून पाहिली, ती पुरी पडेना. अखेर असें आढळलें कीं, सहज वाढणारा एक साधा जंतु या द्रव्याशीं जवळचें नातें असलेला रेणु तयार करतो. तो जंतु मोठमोठ्या टाक्यांतून वाढवून, त्याच्या रेणूवर पुढील संस्कार करून हें औषध बनवितात. युरोपांत त्याला २००७ सालीं परवानगी मिळाली. आणि गंमत अशी कीं, मूळ प्राण्याच्या पोटांतही तें द्रव्य बनविणारा एक जंतूच आहे, असें मागाहून उघडकीस आलें. पुन्हां तोच घरमालक आणि तोच भाडेकरू!

म्हणूनच आतां शोध घेणाऱ्यांची दृष्टि प्राण्यांवरून त्यांच्या अंगांत राहणाऱ्या जंतूंकडे वळत आहे. जंतु टाकींत वाढवितां येतो, खडक उजाड करावा लागत नाहीं. आपल्याकडे १९६६ सालीं स्थापन झालेल्या, गोव्यांत दोनापावला येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतही किनाऱ्यावरील जीवांच्या रसायनांचा अभ्यास होत आला आहे. देशाच्या समुद्रांतील जीव परकीयांनीं नेऊं नयेत, न्यावयाचे तर परवानगीनें व लाभाचा वांटा देऊन न्यावेत, अशी तजवीज भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यांत आहे. आणि कोणत्याच देशाच्या मालकीचा नसलेल्या भरसमुद्राविषयीं १९ जून २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघांत एक करार संमत झाला. हे कायदे प्रत्यक्षांत कितपत पाळले जातात, हें पाहणें सरकारांचें काम. पण मिउराच्या किनाऱ्यावरील खडकाला मालक कोण, हा प्रश्न निदान विचारला तरी जाऊं लागला आहे.

हिराता २००० सालीं वारले. आपल्या स्पंजाचें औषध झालेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. किशी मात्र थांबले नाहींत. अर्ध्या रेणूचें औषध बाजारांत आल्यावरही संपूर्ण रेणूचा ध्यास त्यांनीं सोडला नाहीं; त्यांतली एकेक पायरी ते आणि त्यांचे सहकारी सुधारीत राहिले. २०१९ सालीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, त्यांनीं व एइसाइच्या शास्त्रज्ञांनीं हॅलिकॉण्ड्रिनच्या पूर्ण आकाराचा एक नवा रेणु तयार केल्याचें जाहीर केलें. तो शेंकडा ९९.८१ हून अधिक शुद्ध होता, आणि मनुष्यांवरील परीक्षेसाठीं तो जपानांत रवाना झाला. जानेवारी २०२३ मध्यें किशीही निवर्तले. त्या एका खेपेस बनविलेल्या द्रव्याचें वजन ११.५ ग्रॅम होतें. मिउराच्या प्रमाणानें हिशेब केला, तर तेवढ्या वजनाच्या द्रव्यासाठीं ५५२ टन स्पंज लागला असता. जुन्या सोनाराच्या तराजूंत तें एका तोळ्याला किंचित् कमी भरलें असतें.